पोटाचं दुखणं, बाईचं आणि पुरुषाचं

ठाण्याला खोपटच्या एसटी स्थानकात उतरलं, की काही जणींची नजर आधी संडास शोधते. पोटाचा जुना आजार असला की प्रवास असाच होतो. कित्येक जणी तर उपाशीच गाडीत बसतात.

आतड्याला कायमची सूज राहण्याच्या या आजाराला डॉक्टर आयबीडी म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, शौचावाटे रक्त आणि आव पडते. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही सूज येऊ शकते. आतड्याचा टीबीही तसाच दिसतो, म्हणून दुर्बिणीने तपासून तुकडा काढून बघावा लागतो. आयबीडी एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताटवाटी वेगळी करू नका.

आजार दोघांना होतो, पण भोग वेगळे. बाईच्या अंगात रक्त कमी झालं, की "पाळीमुळे असेल" म्हणून लोहाच्या गोळ्या देतात. शौचातून रक्त जातं का, हे कुणी विचारत नाही आणि ती लाजेने सांगत नाही. पाळीच्या दिवसांत अनेकींचे जुलाब आणि कळा वाढतात. तेव्हा मनाने आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका, त्याने आजार उसळू शकतो.

दिवस राहिले की घरचे म्हणतात, "औषधं बंद कर." असं परस्पर करू नका. बरीचशी औषधं गरोदरपणात चालू ठेवता येतात. मेथोट्रेक्सेट मात्र चालत नाही, ते आधीच बंद करावं लागतं. म्हणून मूल हवं असेल तर अगोदर डॉक्टरांशी बोला. आजार शांत असताना दिवस राहिले तर बहुतेकींचं बाळंतपण नीट होतं. आजार जोरात असताना राहिले तर गर्भ पडण्याचा, अपुऱ्या दिवसांत बाळंत होण्याचा धोका वाढतो.

पुरुषांचंही ऐका. सल्फासलाझिन या गोळीने शुक्रजंतू कमी होतात, औषध बदललं की पुन्हा वाढतात. पण मूल होईना तर बोल बायकोलाच लागतो! या आजारात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही पुरुषांना थोडा जास्त. आणि बिडी-सिगारेटने क्रोन्स बळावतो.

शौचात रक्त, महिनाभर जुलाब, रात्री झोपेतून उठवणारी कळ, वजन घटणं, यांतलं काहीही असेल तर मूळव्याध समजून गप्प बसू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाज वाटत असेल तर गटातली एक मैत्रीण सोबत न्या.