रायपूरहून सिहावा: डोंगर सोपा, रस्ता ओळखून घ्या

पाऊस ओसरू लागला की रायपूरच्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: एका दिवसात जाऊन येण्यासारखा जंगलातला डोंगर कोणता?

महानदीच्या उगमाचं सिहावा हे त्याचं चांगलं उत्तर. ओडिशातून समुद्राला मिळेपर्यंत सुमारे ८५० किलोमीटर वाहणारी ही नदी धमतरी जिल्ह्यातल्या याच डोंगराळ भागात जन्म घेते. शृंगी ऋषींच्या डोंगरावर पायऱ्या आहेत. चढ दमवतो, पण मुलांनाही जमतो.

खरी परीक्षा रस्त्याची. धमतरीपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ३० आहे, तिथे चिंता नाही. पुढे नगरीकडे वळलं की सालवन सुरू होतं. पावसाळ्यात तिथले ठेंगणे फरशी पूल नीट बघावेत. गढूळ पाण्याखाली फरशीची कड दिसत नसेल तर गाडी घालूच नये. पाणी उतरेपर्यंत थांबावं.

मार्च-एप्रिलमध्ये अडचण वेगळी. सालाची रुंद, वाळलेली पानं वाटेवर थरांनी साचतात आणि उतारावर बूट सटकतो. त्याच दिवसांत मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात. धूर दिसला तर दुसरी वाट धरावी.

हत्तींचा वावर या पट्ट्यातही असतो. म्हणून निघण्यापूर्वी वनविभागाकडे किंवा गावात चौकशी करावीच. परतताना अंधाराआधी रायपूर गाठावं, कारण पावसाळी रात्री गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात.

याच महामार्गावर पुढे असलेला केशकालचा बारा वळणांचा घाट सुंदर आहे, पण अवजड ट्रकांमुळे तिथे तासन्‌तास अडकायला होतं. एका दिवसाच्या बेतात तो नकोच.