सतरा होम रन खाल्लेला पिचर

बेसबॉलच्या हँक ॲरनला सर्वाधिक होम रन कोणी दिले, असं एका वाचकाने विचारलं आहे. तो पिचर कच्चाच असणार, असा अंदाजही त्याने सोबत बांधला आहे. नाव आहे डॉन ड्रायस्डेल, होम रन 17. अंदाज मात्र साफ चुकला, आणि तो का चुकतो यातच खरी मौज आहे.

ड्रायस्डेल 1962 चा साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, मिळवणारा. 1968 मध्ये सलग 58 हून अधिक इनिंग्ज त्याने एकही धाव दिली नव्हती! तो डॉजर्सचा, ॲरन ब्रेव्ह्जचा. दोघेही नॅशनल लीगमध्ये, 1956 ते 1969, म्हणून पुन्हा पुन्हा समोरासमोर. कच्चा पिचर इतकी वर्षं टिकतच नाही, त्याला संघ केव्हाच घरी बसवतो. नामांकित सर्जनकडे अवघड रुग्ण जास्त येतात, म्हणून त्याच्या नावावर मृत्यूही जास्त दिसतात, तसंच हे. नुसता अंश बघून भागत नाही, छेदही मागावा लागतो.

छेद मांडला की विक्रमांचा क्रमही हलतो. ॲरनचे 755 होम रन 12,364 संधींमधले, म्हणजे साधारण 16 संधींमागे एक. बेब रूथचे 714, पण 12 संधींहून कमीत एक. तरी मला ॲरनच मोठा वाटतो. ताशी 150 किलोमीटरचा चेंडू पिचरच्या हातातून बॅटरपर्यंत जेमतेम 0.4 सेकंदात येतो. त्यातला निम्मा वेळ तो ओळखण्यात आणि बॅट फिरवायची की नाही हे ठरवण्यातच जातो. हे ॲरनने 23 हंगाम केलं.

रूथला मागे टाकणारा 715वा होम रन त्याने 8 एप्रिल 1974 रोजी अल डाउनिंगला मारला. डाउनिंग तेवढ्यापुरताच आठवला जातो, याचं वाईट वाटतं. 1971 मध्ये त्याने 20 सामने जिंकले होते. पुढे 2007 मध्ये बॅरी बॉन्ड्सने 756वा मारला तो माइक बॅसिकला. बॅसिकचे वडीलही पिचर. 1976 मध्ये ॲरन 755 वर असताना त्यांनी त्याला चेंडू टाकले आणि होम रन दिला नाही.

सगळ्या बॅटरना मिळून कारकिर्दीत सर्वाधिक, 522 होम रन दिले ते पिचर जेमी मॉयरने. त्याच मॉयरने 269 सामने जिंकले, शेवटचा 2012 मध्ये, वयाच्या 49व्या वर्षी.