सीपीयूचा पंखा आणि पार्टनरची झोप

मंडळी, सुरुवातीलाच माफी मागतो. आमचं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे एखादा काना-मात्रा चुकला तर समजून घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या खोलीतलाच आहे.

गेल्या सेमिस्टरला माझ्या प्रोजेक्टचं सिम्युलेशन रात्रभर चालायचं. माझ्या असेंबल्ड पीसीत प्रोसेसरसोबत फुकट आलेला छोटा कूलर होता. लोड आला की त्याचा पंखा असा काही सुटायचा, की मेसमधला मिक्सरच खोलीत आणून ठेवलाय असं वाटावं. पार्टनरची पीएल चालू होती. दोन रात्री त्याने उशी कानावर घेऊन काढल्या. तिसऱ्या रात्री काही न बोलता गादी गुंडाळली आणि कॉमन रूममध्ये जाऊन झोपला. भांडला असता तर बरं वाटलं असतं! प्रोजेक्ट थांबवणं शक्य नव्हतं आणि खिशात होते जेमतेम दोन हजार रुपये. त्या धडपडीत जे कळलं ते इथे मांडतो.

आधी उष्णतेचं गणित. प्रोसेसर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. कूलरचा धातूचा तळ ती उचलतो, हीट पाइप तिला वरच्या पातळ पत्र्यांपर्यंत नेतात आणि पंखा ती हवेत सोडतो. समजा, कूलरचा थर्मल रेझिस्टन्स दर वॅटला ०.५ अंश आहे आणि प्रोसेसर ६५ वॅट घेतोय. मग वाढ झाली सुमारे ३३ अंश. खोलीत २८ असेल तर कूलरचा तळ ६१ वर, मे महिन्यात खोली ४० असेल तर ७३ वर. चिप आतून याहूनही गरम. म्हणजे असा कूलर कितीही भारी आणला तरी खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. नावाला भुलू नका, हा खिडकीतला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर नव्हे!

आणखी एक गोम. खोक्यावर ६५ वॅट लिहिलं म्हणजे तीच कमाल असं नसतं. रायझन ५ ५६०० वर ६५ लिहिलेलं असतं, पण तो सॉकेटमधून ७६ वॅटपर्यंत घेऊ शकतो. इंटेलच्या आय५-१२४०० ची बेस पॉवर ६५, पण टर्बोची ११७. कूलर निवडताना हा मोठा आकडा बघायचा.

आता आवाज. मेकॅनिकलवाल्यांना फॅन लॉज पाठ असतीलच. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणून छोटा पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवलेला बरा. ९२ मिमीच्या तुलनेत १२० मिमी पंख्याचं क्षेत्रफळ सुमारे १.७ पट असतं. शांत कूलरचं सगळं रहस्य एवढंच.

पण लगेच दुकानात पळू नका. आधी फुकटचे उपाय करा. पीसी बंद करून, पंखा बोटाने धरून पत्र्यांतली धूळ ब्रशने काढा. मग बायोसमध्ये जाऊन पंख्याचा कर्व्ह सौम्य करा. लोडखाली ७५-८० अंश हे प्रोसेसरला काही आजारपण नाही, तेव्हा ५० अंशांनाच पंखा बोंबलायची गरज नसते. दोन-तीन वर्षं जुनी थर्मल पेस्ट वाळली असेल तर पुसून नवी लावा. वाटाण्याएवढी पुरते, पोळीला तूप लावल्यासारखी थापू नका.

एवढं करूनही आवाज राहिला तरच खरेदी. १२० मिमीचा एक पंखा, चार हीट पाइप आणि चार पिनांचं पीडब्ल्यूएम कनेक्शन असलेला टॉवर कूलर ६५ वॅटवाल्यांना भरपूर झाला. डीपकूल एजी४००, थर्मलराइट असॅसिन एक्स १२०, कूलर मास्टर हायपर २१२ ही याच जातीची मंडळी. ज्याची किंमत त्या दिवशी कमी, तो घ्या. लिक्विड कूलरच्या नादी लागू नका. तो महाग, शिवाय पंपाचा आवाज वेगळा.

घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. तुमच्या सॉकेटचा ब्रॅकेट खोक्यात आहे का? पट्टीने मोजल्यावर कॅबिनेटमध्ये १५०-१६० मिमी उंचीला जागा आहे का? आणि उंच रॅम पंख्याला अडणार नाही ना? एएम४ सॉकेटवाल्यांनी जुना कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करावी, मग बंद करून, प्लग काढून कूलर हलकेच पिळत उचलावा. सरळ ओढलात तर प्रोसेसर पिनांसकट वर येतो. आणि नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. मी विसरलो होतो! पहिल्याच रनला पारा ९० वर. पुन्हा सगळं खोललं.

आता पूर्ण लोडला पंखा हजार आरपीएमच्या आसपास फिरतो. पूर्वी तीन हजारांच्या पुढे असायचा. त्या रात्री कॉमन रूममध्ये गेलो आणि पार्टनरची गादी मीच उचलून आणली. तो दहा मिनिटं पडून ऐकत राहिला, मग म्हणाला, “बंद केलास का रे?” मी मॉनिटर दाखवला, सिम्युलेशन चालू होतं.

हल्ली रात्री आमच्या खोलीत एकच आवाज असतो, पार्टनरच्या घोरण्याचा. त्याचा कर्व्ह कुठल्या बायोसमध्ये बदलतात, कुणाला माहीत असेल तर कळवा.