गुडघा गेला, खेळ नाही गेला



फरदड घेऊ नका, हे सांगायला जानेवारीत सेलू तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. सभा आटोपली. शेजारच्या वावरात, पऱ्हाटी उपटलेल्या जागेवर पोट्टे फुटबॉल खेळत होते. धुऱ्यावर बसून एक जण ओरडत होता, "अबे, मागं कोण राह्यलं?" चौकशी केली. कधीकाळचा चांगला खेळाडू. गुडघा गेला, खेळ सुटला. "आता बसल्या बसल्या बोंबलतो," म्हणाला. त्याला मी खालिद जमील यांची हकिकत सांगितली. तुम्हीही ऐका.

जमील यांचा जन्म 1977 चा, कुवेतमधला. पण खेळाडू म्हणून घडले मुंबईत. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि भारताकडूनही मधल्या फळीत खेळले. पुढे दुखापतींनी गाठलं. 2009 मध्ये, वयाच्या बत्तिशीत, ज्या मुंबई एफसीकडून खेळत होते त्याच संघाचे प्रशिक्षक झाले.

हा संघ म्हणजे आपली कोरडवाहू जमीन समजा. पैसा बेताचा, मोठी नावं नाहीत. आय-लीग स्पर्धेत तळाला गेलं की खालच्या गटात ढकलले जाण्याची भीती. जमील यांनी सात वर्षं संघ टिकवून धरला. रीत साधी: आधी कुंपण, मग पीक. गोल खायचा नाही, संधी मिळाली की एक मारायचा. पाहणारे कंटाळतात म्हणे. कंटाळोत! रोह्यांनी वावर साफ केल्यावर पेरणी किती देखणी होती हे कोण विचारतो? 2016 मध्ये जमील गेले आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या नंबरावर येऊन खाली घसरला.

ते गेले मिझोरामला, आयझॉल एफसीकडे. हा संघ आदल्या हंगामात खाली ढकलला गेला होता; गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून जागा परत मिळाली. मुंबईचा जयेश राणे त्यांच्या संघात आला, बाकी भर मिझो पोरांवर. 22 एप्रिल 2017 ला त्यांनी बलाढ्य मोहन बागानला 1-0 नं हरवलं. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये 1-1 बरोबरी आणि आयझॉल विजेता! गुण 37, बागानचे 36. ईशान्य भारतातला हा पहिलाच विजेता संघ.

नंतर कोलकात्याच्या मोठ्या क्लबांत त्यांचा जम बसला नाही. खरं सांगायचं तर भारी जमिनीतही पीक हुकतं. पण 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांनी अर्ध्या हंगामातून उचलून उपांत्य फेरीत नेलं, पुढे जमशेदपूरलाही. ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. या जागी भारतीय माणूस तेरा वर्षांनी आला. सप्टेंबरात ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळाला. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून 1-2 हार झाली आणि आशिया चषकाचं दार बंद झालं.

धुऱ्यावरच्या गड्यानं सगळं ऐकून विचारलं, "साहेब, त्याचं शिक्षण असतं का?" असतं. प्रशिक्षकाचे परवाने पायरीपायरीनं मिळवावे लागतात. जमील यांनीही मिळवले. चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. गावात असा कोणी असेल तर सरपंच, सचिवांनी त्याला एकदा वर्ध्याला पाठवून पाहावं.

त्या गावी शाळेमागं मैदान आहे, पण गाजरगवतानं भरलेलं. म्हणून तर पोट्टे वावरात खेळतात. सरपंचांना बोललो. "होळीनंतर पाहू," म्हणाले. होळीनंतर माझी फेरी आहेच.