एकाच सर्व्हरवर चालणारी संगणकशाळा
जिंतूर किंवा गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे संगणकाचा जाणकार परभणीहून येईपर्यंत दिवस मोडतो, तेथील विद्यालयात प्रत्येक यंत्रावर स्वतंत्र प्रणाली बसवून ती सांभाळीत राहण्यापेक्षा, ती एकाच सर्व्हरवर ठेवून सर्व यंत्रांना तारेवरून पुरविणे मला निःसंशय शहाणपणाचे वाटते. यंत्र सुरू होताच त्याचे नेटवर्क कार्ड जाळ्यावर पुकारा करते. सर्व्हर त्यास पत्ता बहाल करतो व कोणती फाइल मागावी हेही कळवितो. ती लहानशी फाइल टीएफटीपी या साध्या फाइल-वहन पद्धतीने आली, की तिच्या साहाय्याने प्रणालीचा गाभा स्मृतीत उतरतो, आणि हार्ड डिस्क नसलेले जुने यंत्रही कामास लागते. ही कल्पना १९८५ च्या बूटपी नियमावलीइतकी जुनी असून इंटेलच्या पीएक्सई या मानकाने ती सर्वत्र रूढ केली.

मात्र पत्ते वाटण्याचा अखत्यार एकाकडेच असावा. राउटरही ते वाटू लागला, तर यंत्रे भरकटतात. टीएफटीपी कोणाची ओळख विचारीत नाही, म्हणून त्या फाइलींत गुप्त काही ठेवू नये. सर्व्हर बंद पडल्यास अवघी संगणकशाळा थांबते. यास्तव यूपीएसचा व राखीव प्रतीचा खर्च आधी मंजूर करावा, नव्या यंत्रांचा नंतर.