अस्सीवरचे ‘सात’ आणि ‘साठ’

वाराणसीत अस्सी घाटाच्या आसपास राहून हिंदी शिकणारे परदेशी विद्यार्थी दिसतात. कुणी क्रियापदांची रूपं वहीत उतरवून काढतो, कुणी टपरीवर कुल्हड हातात धरून कानांनीच भाषा टिपतो. आवडी वेगळ्या, हे खरंच. पण ‘हा डोळ्यांनी शिकणारा, तो कानांनी’ अशी वाटणी करून शिकवल्यानं जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली आधीचं संशोधन तपासून हेच सांगितलं.

इंग्रजीभाषकाला सुरुवातीला ‘सात’ आणि ‘साठ’ जवळजवळ सारखेच ऐकू येतात. तो फरक अक्षरांत दिसतो, ऐकून कानात बसतो आणि रिक्षाचं भाडं ठरवताना जिभेवर येतो. शिक्षकांनो, विद्यार्थ्याला यांतलं सगळंच करू द्या.