आज तिथी कोणती?

फ्लोरिडा कीजच्या सुट्टीची आखणी मी अगदी चोख केली होती. विमानाची तिकिटं, भाड्याची गाडी, मुलांचं स्नॉर्केलिंग, सौ.साठी एक दिवस निव्वळ आराम आणि माझ्यासाठी एक सकाळ फ्लाय फिशिंगची. ट्राउटपायी नद्यांतून हिंडण्याचा माझा छंद जुना. आता खाऱ्या पाण्यातला बोनफिश हवा होता. आयलामोराडाजवळ पहाटेच पोचलो. पाहतो तो पाणी घोट्यालाही पुरेना, आणि तेही निपचित पडलेलं!

गुहागरहून आमच्याकडे आलेले आप्पा छत्री घेऊन काठावर उभे होते. "अरे, आज तिथी कोणती?" त्यांनी विचारलं. इंजिनिअरिंगमधल्या डॉक्टरेटला उत्तर येईना. "अष्टमी," तेच म्हणाले. "भांगाचं पाणी. विचारायचंस तरी."

माझी चूक साधी होती. मी किनारा निवडला, पण पाणी निवडलंच नाही. बोनफिश खोल पाण्यातून उथळ सपाटीवर येतो तो खेकडे-कोळंबी खायला, आणि येतो तो बहुधा चढत्या पाण्याबरोबर. पाणी थांबलं की त्याचं खाणंही मंदावतं. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, म्हणून उधाण. अष्टमीला ते काटकोनात असतात, म्हणून भांग. भांगाला पाण्याची चढउतार कमी, त्यामुळे अगदी उथळ सपाटीवर मासा चढतच नाही.

कोकणातला हिशेब तर आणखी सोपा. तिथीची पाऊणपट करायची, की बारानंतर तितक्या तासांनी भरती. अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, त्याचंच हे गणित. पण हा "बारा" कोकण किनाऱ्याचा. कीजमध्ये तो चालत नाही. तिथे अटलांटिकच्या बाजूची आणि फ्लोरिडा उपसागराच्या बाजूची भरती यांत काही तासांचं अंतर पडतं. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं, कीजमध्ये जेमतेम दोन-तीन फूट. म्हणून आठवडा तिथीवरून ठरवावा आणि वेळ मात्र नोआच्या तक्त्यावरून, नेमक्या त्याच जागेची पाहावी. एका बाजूला ओहोटी लागली तर रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला जाता येतं, हा त्यातला फायदा.

ऋतूही पाहावा. नाताळच्या सुट्टीत थंड वारे आले की सपाटीवरचं पाणी गार होतं आणि बोनफिश खोलात जातो. प्रचंड टार्पन एप्रिल ते जूनमध्ये येतात. बोनफिशला ८ नंबरची काठी पुरते, टार्पनला ११-१२ लागते. सूर्य वर आल्यावरच मासा दिसतो, तोही पोलराइज्ड चष्म्यातून. निघण्यापूर्वी घरामागच्या हिरवळीवर वाऱ्यासमोर ५० फूट दोरी फेकण्याचा सराव करावा. ट्राउटने फ्लाय धरली की आपण काठी उचलतो. इथे तसं केलं तर मासा गेलाच. काठी खाली ठेवून डाव्या हाताने दोरी ओढायची. पाण्यात पावलं न उचलता घासत चालावं, म्हणजे वाळूतला स्टिंगरे आधीच सरकतो. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पाहुण्याला फ्लोरिडाचा परवाना लागतो, गरी टाकणार असतील तर भारतातून आलेल्या आईवडिलांनाही. परवानाधारक गाइडच्या बोटीवर मात्र तो वेगळा काढावा लागत नाही.

दोन दिवसांनी, तक्ता पाहून, चढत्या पाण्यात मला एक बोनफिश लागला. पहिल्याच धावेत त्याने रिळावरची सारी दोरी नेली. जवळ आणून मी तो सोडला. आप्पा गप्प होते. गाडीत म्हणाले, "खायचा नाही, तर छळायचा कशाला?"

फ्लोरिडात २०१३पासून बोनफिश सोडावाच लागतो, कीजमध्ये तो फार कमी झाला होता, असं मी सांगितलं. "मग धरूच नये," ते म्हणाले. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं, आजही नाही. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असंही नाही. दमलेला मासा शार्कला आयता सापडतो. तेव्हापासून मी गळाचं उलटं टोक चेपून टाकतो, दोरी जाड लावतो म्हणजे झुंज लवकर संपते, मासा पाण्याबाहेर काढत नाही. फोटोही नाही. शार्क दिसला की काठी गुंडाळतो.

त्यानंतर आप्पांना विमानाचा प्रवास झेपला नाही. पण सुट्टी ठरवताना मी अजून त्यांना फोन करतो. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून ते तिथी वाचून दाखवतात, आणि शेवटी विचारतात, "यंदा किती सोडणार?"